स्टील की ग्राफाइट? आधी दांड्याचं वजन बघा

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय ५२, तीन वर्षांपासून गोल्फ खेळतात, शनिवार-रविवारी गाडी काढून बेळगावला येतात. सेट जुना, एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेला. आयर्नचे (चपट्या धातूच्या डोक्याच्या काठ्यांचे) शाफ्ट म्हणजे दांडे स्टीलचे, पट्टीवर 'एस', म्हणजे कडक, छापलेलं. सातचा आयर्न नीट बसला तर बॉल १२५ यार्ड जातो. दिवाळीपासून उजव्या कोपराची आतली बाजू दुखते. दुकानदार म्हणतो ग्राफाइट घ्या. सोबत खेळणारे फौजी मित्र म्हणतात ग्राफाइट म्हाताऱ्यांचं, खऱ्या खेळाडूनं स्टीलच धरावं. शेवटी त्यांनी असंही विचारलंय की जुना सेट कापून १३ वर्षांच्या मुलीला दिला तर चालेल का.

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. आयर्नला ७० ग्रॅमच्या आसपासचा ग्राफाइट शाफ्ट घ्या, कडकपणा 'आर', म्हणजे मधला, किंवा त्याहून एक पायरी मऊ. पटरला, म्हणजे होलजवळ बॉल हलकेच ढकलायच्या काठीला, हात लावू नका. आणि सगळा सेट एकदम बदलू नका. फक्त सातचा आयर्न बदला आणि महिनाभर खेळून बघा. मुलीला तो सेट कापून देऊ नका.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर १४ वर्षं काढली आणि गेली २० वर्षं गोल्फच्या काठ्या दुरुस्त करतो. उद्यमबागेत शाफ्ट म्हटला की मशीनचा शाफ्ट. तो केसभर वाकला तरी माल परत येतो. गोल्फचा शाफ्ट मात्र वाकण्यासाठीच बनवलेला असतो. तो किती वाकतो, किती पिळवटतो आणि हातात किती जड लागतो, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. तो कशाचा बनवलाय हा त्यानंतरचा प्रश्न. गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदा तेच विचारतं.

एक गैरसमज आधी काढून टाकू. ग्राफाइटनं बॉल लांब 'फेकला' जातो असं सर्रास बोललं जातं. बॉल आणि काठीचं डोकं एकमेकांना चिकटून असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोक्याला बसलेला हिसका दांड्यातून तुमच्या मुठीपर्यंत पोचतो तोवर बॉल निघून गेलेला असतो. त्या क्षणी दांडा बॉलला काहीच देत नाही. दांड्याचं काम त्याआधी संपतं: डोकं बॉलपाशी किती वेगानं, किती सरळ आणि तोंड कुठं करून आणायचं. अंतर वाढतं ते हलकी काठी थोडी जास्त वेगानं फिरवता येते म्हणून किंवा फटका डोक्याच्या मधोमध जास्त वेळा बसतो म्हणून. माझ्या अनुभवात हौशी माणसाला दुसऱ्या कारणानंच जास्त फायदा होतो.

आता वजन. आयर्नचा स्टील शाफ्ट ढोबळमानानं ९० ते १३० ग्रॅमचा असतो, ग्राफाइटचा ५० ते ९० ग्रॅमचा. तुमच्यासारख्या जुन्या 'एस' सेटमध्ये बहुतेक १२० च्या वरचे दांडे निघतात. ७० ग्रॅमचा घेतलात तर प्रत्येक काठीमागे ५० ग्रॅम कमी झाले. हा आकडा लहान वाटेल, पण ऊस तोडणाऱ्याला विचारा की. कोयता छटाकभर जड असला तर सकाळी काही जाणवत नाही, दुपारनंतर मनगट बोलायला लागतं. तुमचंही तेच होत असणार. पहिले नऊ होल बरे जातात, चौदाव्या-पंधराव्याला फटका बॉलच्या मागं जमिनीत बसायला लागतो. याला लोक 'लक्ष उडालं' म्हणतात. बऱ्याचदा तो थकवा असतो.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा काट्यावर उभं करतो, म्हणजे त्याच्या काठीला. सातचा आयर्न अख्खा तोलायचा. डोकं साधारण २७० ग्रॅम, ग्रिप म्हणजे मुठीची पकड ५० च्या आसपास. उरलेलं बहुतेक वजन शाफ्टचं. तुमचा आकडा ४४० च्या पुढे गेला तर ही काठी तुमच्या वयाला आणि वेगाला जड आहे, एवढं मी न बघता सांगू शकतो.

पण हलकं म्हणजे जितकं हलकं तितकं चांगलं, असंही नाही. फार हलक्या दांड्यानं डोकं कुठं आहे ते हाताला कळेनासं होतं. ज्यांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, झटक्याचा असतो, वरून खाली येताना जे घाई करतात, त्यांना ५० ग्रॅमचा दांडा दिला तर बॉल दोन्ही बाजूंना फेकला जातो. अशा माणसाला मी स्टीलच देतो, पण ९५ ग्रॅमच्या आसपासचं हलकं. हलकं स्टील ही चीज लोकांना माहीतच नसते. ज्याचं कोपर-मनगट धडधाकट आहे आणि खिशाला फार ताण द्यायचा नाही, अशा चाळिशीच्या आतल्या हौशी खेळाडूला माझा पहिला सल्ला तोच असतो. तुमचं कोपर दुखत नसतं तर तुम्हालाही मी तेच सांगितलं असतं.

दोन पदार्थांमधला खरा फरक समजून घ्यायचा तर खानापूरकडच्या चिव्याची काठी आठवा. चिव्याचे तंतू उभे, लांबीभर गेलेले असतात. काठी वाकवा, ती वाकते आणि परत सरळ होते. पण दोन्ही टोकं धरून पिळा, लगेच उभी चीर जाते. कार्बनचे तंतू अगदी असेच असतात. लांबीच्या दिशेला भलतेच ताकदवान, आडव्या दिशेला दुबळे. म्हणून कारखान्यात राळेत भिजवलेली तंतूंची पातळ पत्रं एका लोखंडी सळईवर थरावर थर गुंडाळतात. काही थर उभे, काही ४५ अंशांत तिरके, एक या बाजूला तर दुसरा त्या बाजूला. उभे थर वाकणं सांभाळतात, तिरके थर पीळ सांभाळतात. भट्टीत शिजवून सळई काढून घेतली की पोकळ नळी उरते. नीट केलेलं काम असेल तर टोक मऊ आणि मधला भाग कडक, किंवा बरोबर उलट, असं पाहिजे तसं घडवता येतं. निपाणीहून येताना हत्तरगीला विमानाचे भाग घडवणारं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) लागतं ना, त्या विमानांच्या दुनियेत कार्बनचे असेच थर आता पंखांपर्यंत पोचले आहेत.

स्टीलचं तसं नाही. स्टील सगळ्या दिशांना सारखंच. त्यामुळे तिथं खेळायला दोनच गोष्टी हाताशी: नळीची जाडी आणि तिचा व्यास. दांड्यावर ज्या पायऱ्या दिसतात त्या व्यास टप्प्याटप्प्यानं कमी करण्यासाठी असतात, शोभेसाठी नव्हेत. याचा फायदा असा की स्टीलचे दहा दांडे एकमेकांसारखे निघतात आणि त्यांचा पीळ कमी असतो. ज्याला जोरात मारूनही बॉल ठरल्या जागी पाडायचा आहे त्याला हे आवडतं, आणि बरोबरच आवडतं. सुरुवातीच्या ग्राफाइटचा पीळ फार होता, एक दांडा दुसऱ्यासारखा नसायचा. 'ग्राफाइटचा भरवसा नाही' ही जुनी म्हण त्या काळची. आजच्या चांगल्या ग्राफाइटला ती लावू नका.

तुमच्या फौजी मित्रांना माझा मान आहे. आपल्या बेळगावात हा खेळ छावणीच्या आधारानंच टिकला. पण 'खऱ्या खेळाडूचा दांडा' ही गोष्ट दर पिढीत बदलत आलीय. आधी दांडे हिकरी लाकडाचे असायचे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेनं स्टीलला परवानगी दिली १९२९ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या बॉबी जोन्सनं एका मोसमात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या दांड्यांनी. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की स्टील हे खऱ्या खेळाडूचं नव्हे. टायगर वूड्सनं १९९७ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली तेव्हा त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचा, शाफ्टसुद्धा स्टीलचा होता. आज जगातल्या व्यावसायिकांच्या ड्रायव्हरमध्ये ग्राफाइटच असतो. आयर्नला त्यांच्यातले बहुतेक अजून स्टील वापरतात, पण ते रोज शेकडो बॉल मारतात, त्यांच्यामागं शरीर सांभाळणारी माणसं असतात आणि त्यांचा वेग तुमच्यापेक्षा बराच जास्त असतो. त्यांच्याकडून स्विंगचा ताल शिकावा, दांड्याचं वजन नको.

कोपराबद्दल जरा थांबून लिहितो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. उजव्या हातानं खेळणाऱ्याचं उजव्या कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं हे या खेळातलं ओळखीचं दुखणं. ग्राफाइट थरथर बरीच शोषून घेतं. फटका डोक्याच्या टोकाला किंवा टाचेला बसला की स्टीलमधून जी झिणझिणी कोपरापर्यंत जाते, ती ग्राफाइटमध्ये मनगटाच्या अलीकडेच विरते. हा फरक खरा आहे, हाताला पहिल्याच दिवशी कळतो. पण दांडा बदलून दुखणं बरं होईल असं मी कुणाला सांगत नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते म्हणतील तितके आठवडे हात विसावू द्या. आणि दुसऱ्या तीन गोष्टी तपासा. एक, सराव कशावर करता? सिमेंटवर अंथरलेल्या पातळ मॅटवर महिनोन्महिने बॉल मारणं कोपराला स्टीलपेक्षा जास्त महागात पडतं. दोन, ग्रिप गुळगुळीत झालीय का? झाली असेल तर तुम्ही न कळत आवळून धरता, आणि सगळा ताण तिथूनच चढतो. ग्रिप बदलायला शाफ्टच्या मानानं किरकोळ खर्च येतो. तीन, आपली जमीन. मार्च उजाडला की इथली तांबडी माती विटेसारखी होते. पावसाळ्यात बॉलच्या मागं बसलेला फटका चिखल उडवतो, मे महिन्यात तोच फटका दगडावर पहार मारल्यासारखा हातात परत येतो. एप्रिल-मेमध्ये दुखरं कोपर घेऊन स्टीलनं लांब आयर्न मारू नका. बॉल टीवर (जमिनीत खोचायच्या खुंटीवर) ठेवा, किंवा हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नच्या जागी वापरायची जाड डोक्याची काठी, काढा.

कडकपणाची अक्षरं: एल, ए, आर, एस, एक्स. एल सगळ्यात मऊ, एक्स सगळ्यात कडक, ए म्हणजे ज्याला सिनियर म्हणतात ते. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही, ती ही की या अक्षरांना कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसला भारी पडू शकतो. म्हणून अक्षर वाचून विकत घेऊ नका. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर आर, त्याखाली ए, ९५ च्या वर एस, असा ढोबळ हिशेब असतो. सातच्या आयर्नचे तुमचे १२५ यार्ड बघता तुम्ही आर आणि एच्या सीमेवर आहात. दोन्ही हातात धरून बघा. बॉल कायम उजवीकडे सुटत असेल आणि ठोसा लाकडी लागत असेल, तर दांडा तुम्हाला कडक आहे.

आता जुन्याच डोक्यांना नवे दांडे बसवायचे की नवा सेट घ्यायचा? डोक्यांच्या खाचा शाबूत असतील तर दांडे बदलणं शहाणपणाचं. फक्त बसवणाऱ्याला काम यायला पाहिजे. आयर्नच्या टोकाचे दोन व्यास चालतात, ९.०२ मिलिमीटर आणि ९.४० मिलिमीटर. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावल्याशिवाय डोळ्यांना फरक कळत नाही, आणि चुकीचा दांडा एपॉक्सी, म्हणजे चिकटवायची राळ, भरून बसवला तर डोकं एक दिवस बॉलच्या मागोमाग उडून जातं. दुसरं, दांडा ५० ग्रॅमनं हलका झाला की काठीचा तोल बदलतो, डोकं हरवल्यासारखं वाटतं. मग टोकात काही ग्रॅमचं वजन घालावं लागतं किंवा काठी पाव ते अर्धा इंच लांब ठेवावी लागते. लांब ठेवली की डोक्याचा जमिनीशी असलेला कोन बदलतो, तोही तपासून घ्यावा लागतो. जो कारागीर यातलं काहीच विचारत नाही, नुसतं 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणतो, त्याच्याकडे देऊ नका. एपॉक्सीला पूर्ण दिवस मिळाला पाहिजे.

आणि त्याला हेही विचारा की ग्राफाइटचा दांडा डोक्यातून कसा काढतोस. स्टीलला गॅसची शेगडी लावून, डोकं पिळून काढता येतं. मी सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या ग्राफाइटला तोच हिशेब लावला. डोकं निघालं, पण राळ जळाल्याचा वास आला आणि दांड्याच्या टोकाला तपकिरी फोड उठला. नखानं दाबलं तर थर पापडासारखे सुटे झाले. दोन दांडे असे गेले, दोन्हींचे पैसे मी भरले. ग्राफाइटला थोडीच आच द्यायची, न पिळता सरळ ओढणाऱ्या शिकंजात धरायचं आणि धीर धरायचा. टोक घासतानाही फक्त रंग काढायचा. काळी भुकटी पडायला लागली की थांबायचं, कारण ती भुकटी म्हणजे तुमच्या दांड्याची ताकद. ती नाकातही जाऊ देऊ नये.

आपल्या पावसाबद्दल बाहेरचे सल्लागार लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. स्टीलच्या दांड्याला बाहेरून निकेल-क्रोमचा मुलामा असतो, आत काही नसतं. जून ते सप्टेंबर बॅग ओलीच डिकीत राहते, ग्रिपच्या टोकाच्या भोकातून पाणी आत उतरतं आणि दांडा आतून खातो. बाहेरून लखलखीत दिसणारा दांडा एक दिवस डोक्याच्या वर दोन बोटांवर मोडतो. तपासायला सोपं आहे. टेबलावर पांढरा कागद पसरा, काठी उलटी धरा, ग्रिपचं टोक कागदावर हलकेच आपटा. चहाच्या भुकटीसारखा तांबूस चुरा पडला तर तो गंज. तुमचा सेट जुना आहे, घरी गेल्यावर आजच करून बघा.

ग्राफाइटला गंज नाही, पण त्याचीही दुखणी आहेत. बॅगच्या तोंडाला कडक प्लॅस्टिकची कड असली की गाडीच्या हादऱ्यांनी दांडा एकाच जागी घासत राहतो. आधी रंग जातो, मग तंतू. कापसाचा बोळा दांड्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठे अडकला, धागा सुटला, तर तिथं तंतू फुटलेत. तो दांडा वापरू नका. मोडताना ग्राफाइटच्या सळसळीत फाका होतात आणि हातात घुसतात. उन्हाळ्यात काठ्या दिवसभर बंद डिकीत ठेवू नका, सतत तापून एपॉक्सी ढिलावतो. जुना सेट विकत घेतानाही बोळा खिशात असू द्या.

आता चाचणी. सातच्या आयर्नला ७० ग्रॅमचा ग्राफाइट बसवा, आठचा स्टीलचाच राहू द्या. फेरी सुरू करण्याआधी दोन्हींनी दहा-दहा बॉल, आणि अठरा होल संपल्यावर पुन्हा दहा-दहा. सगळ्यात लांब गेलेला बॉल विसरून जा. दहांपैकी किती बॉल ठरवलेल्या जागेपासून पंधरा पावलांच्या आत पडले ते वहीत लिहा. असे चार शनिवार. फेरीनंतरचा आकडा ज्या काठीचा चांगला आणि फटका मारताना ज्या काठीनं कोपर कुरकुरत नाही, तोच तुमचा दांडा. माझं मत मी वर दिलंय, पण ही वही माझ्या मतापेक्षा मोठी.

बाकीच्या काठ्या थोडक्यात. ड्रायव्हर नवा असेल तर ग्राफाइट आहेच. ४० ग्रॅमच्या जाहिरातींना भुलू नका, ५५ च्या आसपास राहा. वेजेसना, म्हणजे जवळून बॉल उंच उचलायच्या काठ्यांना, आयर्नपेक्षा थोडा जड दांडा चालतो, कारण तिथं जोर नसतो, अंदाज असतो. कोपर बरं झालं तर हलकं स्टीलही घ्या. पटर स्टीलच. तिथं थरथरीचा त्रास नाही, उलट हाताला फटक्याची खबर मिळणं चांगलं.

मुलीबद्दल. मोठ्यांची काठी कापली की ती लहान होते, हलकी होत नाही. डोकं तेवढंच जड राहतं आणि आखूड झालेला दांडा आधीपेक्षा कडक. १३ वर्षांचं पोर ती फिरवायला सगळं अंग झोकून देतं, पाठीतून वाकडं होतं आणि ती सवय पुढं वर्षानुवर्षं सुटत नाही. तिला तिच्या उंचीच्या हलक्या ग्राफाइटच्या चारच काठ्या घ्या: एक हायब्रिड, सातचा आयर्न, एक वेज आणि पटर. वर्ष-दीड वर्षात उंची वाढली की त्या दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या. छावणीच्या मैदानावर अशा लहान काठ्या हातोहात फिरत असतात, विचारलंत तर जुन्यासुद्धा मिळतील.

येताना सातचा आयर्न, तो पांढरा कागद आणि त्यावर काय पडलं ते पुडीत बांधून घेऊन या. काटा आणि व्हर्नियर माझ्याकडे आहे.